काकूंचा प्रश्न

"वह्या इकडं द्या," म्हणत ममदापुरे सरांनी पोरांच्या वह्या गोळा केल्या आणि कपाटाला कुलूप घातलं. उद्या मेडिकलची प्रवेश परीक्षा. आदल्या दिवशी चारनंतर पान उघडायचं नाही, हा त्यांच्या क्लासचा नियमच होता.

त्यानंतरची उजळणी सरांच्या स्वयंपाकघरात व्हायची. सरांच्या पत्नी, सगळ्यांच्या काकू, तिथं तांदूळ निवडत बसायच्या. एकेकानं पुढ्यात बसून त्यांना हृदयाचं काम समजावून सांगायचं, आणि काकू हमखास चुकीचं विचारायच्या, "म्हणजे अशुद्ध रक्त डावीकडं जातं, हो ना गं?" गेल्या वर्षी भाग्यश्री त्यांच्यावर वैतागली होती. परीक्षेत बाकी बरंच चुकलं, हृदय मात्र चुकलं नाही, तेव्हा तिला कळलं की काकूंना सगळं येत होतं.

संक्रांतीला काकू गेल्या. यंदा आत जायला कुणीच उठेना. शेवटी पुन्हा परीक्षेला बसणारी भाग्यश्रीच उठली. आत काकूंच्या पाटावर, सूप पुढ्यात घेऊन, सर बसले होते.

तिनं सगळं सांगितलं. उजवीकडचं रक्त फुप्फुसांत, तिथून डावीकडं, मग अंगभर. सर ऐकत राहिले. त्यांनी विचारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तीस वर्षं जे बरोबर तेच सांगत आलेल्या माणसाला चुकीचं विचारणं जमेना.

भाग्यश्रीनं सूप आपल्याकडं ओढलं आणि तांदळात बोटं घातली. "म्हणजे सर, अशुद्ध रक्त डावीकडं जातं, हो ना?"

"नाही गं," सर म्हणाले, "नीट ऐक." आणि त्यांनी हृदय पहिल्यापासून सांगायला घेतलं.