जिवंत आमिष

"सतीश, तू घरी ये. पंप बंद पडलाय आणि बाबा टबात मगाने पाणी ओततायत. कधीपासून, कोणास ठाऊक. मी हाका मारून दमले, ऐकतच नाहीत."

सतीशची बायको प्रणाली शाळेतून नुकती घरी आली होती. ती फोनवरून बोलत होती. सतीश मस्कतमधल्या कुरुमच्या ऑफिसातून तसाच उठला, गाडीत बसला आणि बौशरला, घराच्या रस्त्याला लागला.

टब त्याचाच. दर शुक्रवारी तो आदिलच्या बोटीतून गरीने मासे गरवायला जायचा. आदिल त्याच्या ऑफिसातला, सीबचा राहणारा. काल संध्याकाळी दोघांनी सीबच्या किनाऱ्यावरच्या खडकांत लावलेला तारेचा सापळा उचलला. आत खुबूज रोटीचे तुकडे खायला शिरलेले बोटभर लांबीचे बोय मासे सापडले. सुरमई जिवंत आमिषावर तुटून पडते, मेलेल्याला हुंगूनसुद्धा बघत नाही. म्हणून समुद्राचंच पाणी कॅनमधून घरी आणायचं, गोल टबात भरायचं, हवेचा पंप लावायचा. पाणी गार राहावं म्हणून त्यात बर्फाची बाटली सोडायची. एवढे लाड करायचे आणि शुक्रवारी गरीला लावायचं. प्रणाली म्हणायची, तुमचं प्रेम म्हणजे हे असं.

या वेळी मासे सांभाळायचं काम सतीशने बाबांना दिलं होतं. "फक्त लक्ष ठेवा. बाटली वितळली की दुसरी टाका." बाबांनी मान हलवली होती. हल्ली ते मानच हलवायचे. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की आडवे व्हायचे. एके काळी हाच लहू कंडक्टर दापोलीच्या गाडीत चढला की उतरेपर्यंत प्रवाशांचे कान किटवायचा. आई गेल्यापासून हूं नाही की चूं नाही. डोळ्यांत टिपूस नाही. सतीशने त्यांना मस्कतला आणलं, समुद्र दाखवला, नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल लावून दिले. काही म्हणता काही नाही. आता व्हिसा संपत आला होता. असेच मुके परत गेले तर त्या रिकाम्या घरात हा माणूस आतल्या आत विझून जाईल, ही भीती सतीशला सुखाने झोपू देत नव्हती. एक शब्द बोला. शिव्या घाला हवं तर, पण बोला. एवढंच त्याला हवं होतं.

आईचं सगळं अचानक झालं. तालुक्याच्या दवाखान्यात श्वासाचं मशीन नव्हतं. डॉक्टरांनी तोंडावर मास्क लावला आणि त्याची रबरी पिशवी बाबांच्या हातात दिली. दाबत राहा म्हणाले. बाबा दाबत राहिले. सोबत आलेला नंदूकाका म्हणाला, जरा मी धरतो, तर त्यालाही देईनात. रत्नागिरीहून मशीनवाली रुग्णवाहिका यायची होती, ती येता येईना. सतीश इकडे विमानतळावर अडकलेला. डॉक्टर त्याच्याशी फोनवर बोलले, मग तो बाबांशी बोलला. गावी पोचला तोवर सगळं उरकलं होतं. आई शांतपणे गेली, असं तो सगळ्यांना सांगायचा. प्रणालीलाही त्याने तेवढंच सांगितलं होतं.

घरी पोचल्यावर त्याने डिकीतून बोटीवरचा बॅटरीचा पंप काढला आणि धावतच वर आला.

बाबा बाथरूममध्ये स्टुलावर बसले होते. मग भरायचा, खांद्याच्या वर न्यायचा, बारीक धार धरून ओतायचा. परत भरायचा. सदरा घामाने आणि खाऱ्या पाण्याने अंगाला चिकटला होता. वितळलेल्या बाटल्या बाजूला नीट ओळीने लावून ठेवल्या होत्या. टबात बोय गोल गोल फिरत होते. एकही पोट वर करून तरंगत नव्हता.

सतीशने पंप लावला. पाण्यात बुडबुडे उठले. "झालं बाबा, आता हवा मिळते त्यांना. थांबा."

बाबांनी मग भरला, वर नेला, ओतला.

त्याने त्यांचं मनगट धरलं. हात लाकडासारखा ताठ झाला होता आणि मगाच्या कानात अडकलेली बोटं सुटत नव्हती. सतीश चिडला.

"अहो, मासेच ना ते? आमिषाचे. उद्या गरीलाच लागणार. त्यांच्यापायी स्वतःचा जीव घ्याल का?"

बाबा टबाकडे बघत राहिले. प्रणालीने टॉवेल आणला, सासऱ्यांच्या खांद्यावर ठेवला आणि सतीशला डोळ्यांनीच खुणावलं, ओरडू नको. तो खाली बसला, ओल्या फरशीवरच. आवाज खाली आणला.

"पंप बंद पडला तेव्हा मला एक फोन करायचा होता ना. का नाही केलात?"

बाबांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. काहीच नव्हतं. आणि इतक्या दिवसांनी ते बोलले, आवाज घशात गंजल्यासारखा.

"फोन केला असता तर तू तुझ्या आईच्या वेळी बोल्लास तेच बोल्ला असतास. 'बाबा, पुरे. आता हात थांबवा.'"