ओळखीचा आवाज

चौकशी अधिकाऱ्याने दोघींना आवाज ओळखायला बोलावलं होतं. एक कॅप्टनची बायको, दुसरी त्याच्या हाताखालच्या को-पायलट मुलीची आई. धावपट्टीवर ढग उतरले होते, तशातच ते छोटं खाजगी विमान उतरायला गेलं आणि अलीकडच्या टेकडीवर आपटलं. आत तिघं होते, तिसरे विमानाचे मालक. कोणी वाचलं नाही.

ऐकणं जड जाईल, नको वाटलं तर थांबवू, असं अधिकाऱ्याने आधीच सांगितलं. शेवटी मालकही पुढे येऊन कॉकपिटमध्ये बसले असावेत, म्हणून कुठला आवाज कोणाचा हे घरच्यांकडून पक्कं करायचं होतं.

त्याने कॉकपिटमधल्या रेकॉर्डिंगचा पहिला तुकडा लावला. "पाचशे फूट. वेग बघ. बोल, काय दिसतंय?"

"हेच," बायको लगेच म्हणाली. त्यात ओळखायचं काय होतं? याच तुटक आवाजात तो बावीस वर्षं न्हाणीघरातून टॉवेल मागत आला होता.

"काहीच दिसत नाहीये, सर." हा मुलीचा. आईने नुसती मान हलवली. ती मुलीचंच जॅकेट घालून आली होती, लांब बाह्या दुमडून.

बायकोला तिची कीव यायला हवी होती. पण तिला आठवलं ते घरातलं जेवणाचं टेबल. पोरीचा हात काय हलका आहे, चाकं कधी टेकली कळतसुद्धा नाही, असं तो सांगत सुटला होता. एरवी कौतुकाच्या बाबतीत मुलखाचा चिक्कू माणूस. त्या दिवशी ती अर्ध्या जेवणावरून उठली होती.

दुसऱ्या तुकड्यात आधी मुलीचा भरभर श्वास. मग पुरुषाचा आवाज, हळू, अगदी जवळून.

"घाबरू नकोस, बाळा. माझ्याकडे बघ. मी आहे ना."

अधिकाऱ्याने बटण दाबलं.

"परत लावा," बायको म्हणाली.

तिने तीनदा ऐकलं. बाळंतपणात, वडील गेले तेव्हा, ऑपरेशनच्या सकाळी, प्रत्येक वेळी त्याने 'होईल ठीक' म्हणून घड्याळ बघितलं होतं. म्हणजे असा आवाज त्याच्याकडे होता तर. होता, आणि त्याने तो घरी कधी आणला नाही. तिचा नुसता जळफळाट झाला. गेलेल्या पोरीवर आपण जळतोय हे तिला कळत होतं, पण त्याने आग काही शमत नव्हती.

"यांचाच ना?" अधिकाऱ्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "हे असं बोलत नाहीत."

अधिकाऱ्याचं पेन थबकलं. मालकाचा मुलगा सकाळीच येऊन गेला होता, आणि हा आवाज वडिलांचा नाही असं त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. अधिकारी पुन्हा पुन्हा कागद चाळू लागला.

मुलीच्या आईने अधिकाऱ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"मग कोण होतं हो तिच्यापाशी?"

बायकोने खुर्ची तिच्याकडे वळवली.

"हेच होते," ती म्हणाली. "मला ओळखायला वेळ लागला."