घोटीची पाहुणी

“मावशी, निदान चपला तरी पायात घाला,” वत्सला दबक्या आवाजात म्हणाली.

घोटीच्या बायडाबाई चित्रप्रदर्शनाच्या मधोमध खुर्चीवर मांडी घालून शेंगा सोलत होत्या. टरफलं ओच्यात, एवढीच काय ती मेहेरबानी.

“पाय भरून आले. घरीबी मी अशीच बसते,” त्या म्हणाल्या.

वत्सलाने ओठ आवळले. सुट्टीचा एक रविवार, तोही असा. आईने सकाळीच फर्मावलं होतं, ओळखीच्या बाई येताहेत, त्यांना शालिमार चौकाकडचं चित्रप्रदर्शन, वाचनालय, थिएटर दाखव. अठ्ठ्याहत्तर साली ते सगळं पायी फिरून होई. वत्सलाने निमूट मान डोलावली, कारण घरात आधीच धुसफूस चालू होती. दिवाळीपासून स्थळांमागून स्थळं येऊन पोहे खाऊन गेली होती. कुणी तिला चालून दाखवायला लावलं, कुणी वाचून. एकाला उंची खुपली, दुसऱ्याला मास्तरणीची नोकरी. शेवटी तिने सांगून टाकलं होतं, यापुढे मी कुणासमोर बसणार नाही, लग्न राहिलं तर राहिलं.

वाचनालयात बायडाबाई मोठमोठ्याने बोलू लागल्या. कारकुनाने डोळे वटारले, तर त्यालाच विचारलं, इथं कुणी गेलंय का? वत्सलाला हसू फुटलं. ते तिने पदरात दाबलं.

थिएटरात नाटकाची तालीम चालली होती. ओळखीने आत बसायला मिळालं आणि बायडाबाई घोरायला लागल्या. नायिका वाक्य विसरली. वत्सलाने कोपराने ढोसून त्यांना उठवलं, बाहेर आणलं.

“लय घोरते मी,” त्या न लाजता म्हणाल्या. “भिंतीपल्याड ऐकू जातं.”

मग हॉटेलात साखर कमी म्हणून चहा परत पाठवला. थोरल्या सुनेचापण असाच परत पाठवते, असंही सांगितलं.

आता मात्र वत्सलाचा तोल गेला. “तिला वाईट वाटत नाही, मावशी?”

“वाटतं ना. भांडते माझ्याशी. मग तोच पिते मी गुमान.”

दिवसभर त्यांचं स्वतःचंच पुराण चाललं होतं. वत्सलाचं शिक्षण, पगार, स्वयंपाक, त्यांनी काही म्हणता काही विचारलं नाही.

स्टँडवर घोटीची एस.टी. लागलेली पाहून वत्सलाला हायसं वाटलं. तिने पिशवी खिडकीतून वर दिली. बायडाबाईंनी ती मांडीवर घेतली आणि पहिल्यांदाच आवाज उतरवला.

“तू कुणापुढं बसणार नाय, असं तुझी आई म्हणाली. बरोबर हाय तुझं. म्हणून आमच्या धाकट्या मल्हारीला म्हटलं, तू दम धर, आधी मी जाऊन येते.”

गाडी हलली. बायडाबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“कायबी झाकलं नाय मी. पसंत पडले तर कळव.”