खोक्यावरची बारीक अक्षरं

"डबी नाही आणलीस?" डॉक्टर दिवेकरांनी विचारलं.

"ती घरी राहिली. खोका आणलाय." रुचिराने पर्समधून पुठ्ठ्याचा चपटा झालेला खोका काढून टेबलावर ठेवला. वर एका गोऱ्यापान बाईचं चित्र, खाली कुठलीशी परदेशी लिपी. मागच्या खेपेला डॉक्टरबाईंनी तिच्या गालांवरचे वांग पाहून "काही लावतेस का गं?" असं विचारलं होतं, म्हणूनच ती खोका घेऊन आली होती. गरोदरपणात ही क्रीम चालते, एवढं त्यांच्या तोंडून ऐकायचं आणि घरी जायचं.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला, खोक्याची कड डोळ्यांजवळ धरली. तिथे कोपऱ्यात चार ओळी इंग्रजी होतं, मुंगीएवढं. त्या वाचत गेल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

"कधीपासून लावतेस?"

"संक्रांतीपासून. तीन महिने होतील."

"रोज?"

"रोज दुपारी. सासूबाई आडव्या झाल्या की."

"यात पारा आहे, रुचिरा. कातडीतून आत जातो. पोटातल्या बाळापर्यंतही पोचतो."

रुचिराचा हात पोटावर गेला. तिला सातवा लागला होता. याआधी दोनदा तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं.

"आजपासून बंद. लघवी तपासायला मुंबईला पाठवू, रिपोर्टला आठ-दहा दिवस लागतील. लावायचंच असेल तर साधं खोबरेल लाव, उन्हात जाताना डोक्यावरून पदर घे. वांग बाळंतपणानंतर आपोआप फिके पडतात. हे आधी विचारायचं होतंस गं."

विचारणार कुणाला? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेली एक बाई सासूबाईंना सगळ्यांसमोर म्हणाली होती, "सून आजारी आहे का हो, प्रमिलाबाई? चेहरा अगदी काळवंडलाय." प्रमिलाबाईंनी उत्तर दिलं नाही. नुसती वाणाची वाटी पुढे केली. ते गप्प राहणं रुचिराला त्या बाईच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. दुसऱ्याच दिवशी तिने शोभाकडून क्रीम घेतली. शोभा सुकापूरची. 'फॉरेनच्या वस्तू' पिशवीत घालून नवीन पनवेलच्या बिल्डिंगींमधून दारोदार फिरायची.

पहिले तीन-चार दिवस गाल झोंबले, मग सवय झाली. वासही जाणवेनासा झाला. डबी महिनाभर जाईल असं शोभा म्हणाली होती; तीन महिने झाले तरी तळ दिसला नव्हता. भारी वस्तू पुरतेही, असं रुचिराला वाटलं होतं. वांग मात्र तसूभरही हलले नव्हते.

त्या दिवशी घरी आल्यावर तिने डबी कपाटात साड्यांखाली आणखी आत ढकलली. नवऱ्याला, निनादला, सांगायचं तर तो न्हावा शेव्याच्या ऑफिसातून थकून यायचा आणि आल्या आल्या तिच्या पोटाशी कान लावून बसायचा. सांगवेना. सासूबाई तर मोजकंच बोलणाऱ्या. अलिबागेकडचं घर बंद करून त्या सुनेसाठी इथे येऊन राहिल्या होत्या. पण इतक्या वर्षांच्या ओळखीनंतरही त्यांच्या मनाचा ठाव लागत नव्हता.

सहाव्या दिवशी दुपारपासून बाळ हललं नाही. रुचिरा खिडकीपाशी पोटावर हात ठेवून बसून राहिली. एक तास. दोन तास. प्रमिलाबाईंनी काही न विचारता कोकमाचं गार सरबत तिच्या हातात दिलं.

"डाव्या कुशीवर नीज."

ती निजली. थोड्या वेळाने आतून एक सणसणीत लाथ बसली. रुचिराने उशीत तोंड खुपसलं आणि ती आवाज न करता रडली.

रिपोर्ट नवव्या दिवशी आला. डॉक्टरबाईंनी तो एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"रोज लावत होतीस म्हणालीस ना?"

"हो."

"कमाल आहे. पाऱ्याचा मागमूससुद्धा नाही. बाळाची वाढही छान आहे. जा, पोटभर जेव आणि शांत झोप."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना रुचिराला आपण हसतोय की रडतोय ते कळेना. छातीवरचा धोंडा उतरला होता. कोपऱ्यावर तिने मोगऱ्याचे दोन गजरे घेतले. आणि इतक्या दिवसांनी वाटलं, आता हे कुणाला तरी सांगून टाकावं.

प्रमिलाबाई जमिनीवर बसून भिजवलेले वाल सोलत होत्या. रुचिरा समोर बसली आणि सगळं बोलून गेली. शोभा, डबी, पारा, मुंबईला गेलेली तपासणी, आजचा रिपोर्ट. प्रमिलाबाईंचे हात चालूच होते.

"चुकलं माझं, आई. तुम्हाला माझ्या चेहऱ्याची लाज वाटते असं वाटलं मला."

प्रमिलाबाईंचा हात थांबला. "लाज?" त्यांनी सोललेले वाल बाजूला सारले. मग म्हणाल्या, "डबी आण ती."

रुचिराने साड्यांखालून डबी काढून आणली. "लांबच धरा हं. कुठेतरी खोल पुरून टाकू."

प्रमिलाबाईंनी हात पदराला पुसले, झाकण उघडलं, चांगली बोटभर पांढरी क्रीम काढली आणि सरळ तोंडात घातली.

"आई!" रुचिरा किंचाळली.

"ओरडू नकोस, बाळ दचकेल," प्रमिलाबाई बोट चाटत म्हणाल्या. "शंभर पाण्यांनी धुतलेलं साजूक तूप आहे. संक्रांतीच्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी भरतेय."