सुखीबाईच्या पेटीतला पेला

"या ना फुलचंदभाऊ, उभे काहून?" धावजी म्हणाला.

फुलचंदचा पाय उंबऱ्यातच अडला. काखेतली पिशवी त्यानं आणखी आवळली. दोन वर्षांपूर्वी याच माणसाला त्यानं भर मंडळीत चोर ठरवलं होतं, अन् हा बाजेवर जागा करून देत होता. कोणत्या तोंडानं बसावं?

फुलचंद पांढरकवड्याच्या चर्चचा मानाचा वडील, मंडळीचा कारभार बघणारा. धावजीकडे चर्चची किल्ली. ती त्याच्या घरात खुंटीला टांगलेली असायची. प्रभुभोजनात द्राक्षारस द्यायचा चांदीचा पेला चर्चच्या कपाटातून नाहीसा झाला, तेव्हा फुलचंदनं शास्त्रावर हात ठेवून सांगितलं होतं, "केळापूरच्या सुखीबाईले अंथरुणावर प्रभुभोजन देऊन आलो, अन् पेला माह्या हातानं कपाटात ठेवला." धावजी मान खाली घालून बसला. हूं नाही की चूं नाही. मग काय, गप्प बसला म्हणजे कबूल झाला! मंडळीनं त्याला बाहेर काढलं, मंडळीच्या कुठल्याही कार्यात यायची बंदी घातली.

त्याच महिन्यात धावजीचा एकुलता एक पोरगा राजकुमार हैदराबादच्या ट्रकवर गेला, तो पुन्हा घरी फिरकलाच नाही. बापाची बदनामी पोराला सोसवली नाही, असं तांड्यावरची माणसं म्हणाली. गेल्या उन्हाळ्यात ट्रक उलटून तो गेला. मातीला सगळी मंडळी आली. बाप तेवढा आला नाही. आपल्या बंदीपायी बापाला पोराचं शेवटचं तोंडही दिसलं नाही, हे फुलचंदला आता जेवू देत नव्हतं.

हायवेवर ट्रकचा भोंगा वाजला. धावजीनं उठून दार लोटलं.

फुलचंदनं पिशवीतून पेला काढून बाजेवर ठेवला.

"सुखीबाई वारली. तिची पेटी उघडली, तर लुगड्यात हा निघाला. म्हातारी भ्रमिष्ट, तिनंच लपवला असन. त्या दिवशी म्या पेल्याची पिशवी आत न पाह्यताच कपाटात ठेवलती, भाऊ."

पिशवीत डोकवायला काय झालं होतं? पण वडीलपणाचा तोरा ना!

"भावानं मारलेल्या हाबेलाचं रक्त जमिनीतून ओरडते, देव जाब मागते, हे पोराईले मीच शिकवतो," फुलचंदला रडू आवरेना. "रविवारी मंडळीपुढं नाक घासतो. पण तुमी तवा बोलले काहून नाही? पिलातापुढं प्रभू गप्प राह्यले, तसे..."

"मले प्रभूच्या ओळीत नका बसवू." धावजी पेल्याकडे बघत राहिला. "किल्ली खुंटीले. घरात मी अन् राजकुमार, दोघंच. म्या तर घेतला नवता."

"म्हंजे राजकुमारानं घेतला, असं वाटलं तुमाले?" फुलचंदनं विचारलं.

"पाय धरून सांगत होता, बाबा, म्या नाही घेतला. म्या हाकलून देल्लं."

"अन् मातीले? आमच्या बंदीपायीच नाही आले ना?"

"बंदी कोन पुसते?" धावजी म्हणाला. "चोराच्या मातीले कायले जाऊ, म्हटलं."