क्रिसान्तोचं पत्र

चौकातल्या कमानींखाली बसून मी दुसऱ्यांची पत्रं लिहितो. ज्याला लिहिता येत नाही, तो खाली अंगठा उठवतो.

एउलालियाबाईंचा मुलगा क्रिसान्तो सहा वर्षांपूर्वी उत्तरेची सरहद्द ओलांडायला निघाला आणि वाळवंटात हरवला. कचेरीतला हरामखोर साहेब हसून म्हणाला, "गोऱ्या बाईच्या मागे गेला असेल!" बाईंनी अन्न सोडलं. मग मीच क्रिसान्तोच्या नावाने त्यांना पत्रं लिहू लागलो. डाव्या हाताने लिहायचो, माझाच अंगठा उठवायचो आणि शेजारच्या गावातून टपालात टाकायचो. पाप असेल तर असो. बाई जेवू लागल्या.

काल दुपारी त्या पाकीट घेऊन आल्या. "वाचा हो मास्तर, चष्मा काय पुसत बसलात? लेकाचं पत्र आहे, सरकारचं नाही!"

टपालाचा शिक्का महिन्यापूर्वीचा होता. हे पत्र मी लिहिलं नव्हतं. अक्षर मात्र माझ्याच डाव्या हाताचं होतं. मी मनातल्या मनात वाचलं:

"मास्तर, हे मोठ्याने वाचू नका. आईला नेहमीसारखंच काहीतरी सांगा. इथे पाणी नाही."

"काय म्हणतो?"

"बरा आहे," मी म्हणालो. "तुमच्या हातच्या, मक्याच्या पानात उकडलेल्या तामालेंची आठवण काढतो."

"लबाड! घरी होता तेव्हा नाकं मुरडायचा." हसत हसत त्यांनी नेहमीसारखं कागदावरच्या अंगठ्यावरून बोट फिरवलं.

बोट काळं झालं. शाई ओली होती.

बाई उठल्या आणि उन्हातल्या रिकाम्या चौकाकडे बघून म्हणाल्या, "ये रे बाळा, आधी पाणी पी."