बागेतले श्रोते

शिवणकाम करणारी ती बाई बागेसमोरच्या घरात आजारी आईबरोबर राहत होती. उन्हाळ्यात बागेत रोज संध्याकाळी वाद्यवृंद वाजायचा आणि आतल्या खोलीत पडल्या पडल्या आई तो ऐकायची.

एकदा खिडकीतून तिला दिसलं, की पहिल्या रांगेतली माणसं वादकांकडे पाठ करून तिच्या घराकडे बघत बसली आहेत. 'मावळतीचं ऊन डोळ्यांवर येत असेल,' अशी तिने मनाची समजूत घातली. दुसऱ्या संध्याकाळी ढग होते, तरी निम्मी माणसं वळलेली होती. आईजवळ तिने अवाक्षर काढलं नाही.

आज सगळेच वळले. मग वादकही तिच्या घराकडे बघू लागले आणि वाजवणं मध्येच थांबलं.

तिने घाईघाईने खिडकी लावून पडदा ओढला.

"मला उठवून बसव गं," आतून आई शांतपणे म्हणाली. "लोक किती वेळ खोळंबलेत."